मोटारसायकलच्या चाकाचा तोल

पावसाळ्याचे दिवस आहेत. समुद्रपूरजवळच्या एका शेतातून काका मोटारसायकलवर निघाले आहेत. पांदणीचा रस्ता म्हणजे नुसता काळ्या मातीचा चिखल. कशीबशी गाडी बाहेर काढून काका घरी आले, चहा झाला, तोवर चाकांना लागलेला चिखल वाळला. मग जामच्या चौकातून नागपूर-हैदराबाद महामार्गाला लागल्यावर वेग साठावर गेला आणि हँडल थरथरू लागले. शेजारून मालमोटारी धडधडत चाललेल्या. अशा वेळी हातातले हँडल थरथरणे मुळीच बरे नाही. गाडी बाजूला घेऊन पाहिले, तर पुढच्या चाकाच्या रिमला आतून, आऱ्यांच्या बुडाशी, मातीचे एक ढेकूळ चिकटलेले! काडीने खरवडून टाकल्यावर थरथर थांबली.

मित्रांनो, एवढ्याशा ढेकळाने दीडशे किलोग्रॅमची गाडी कशी काय हलवली? आपण हिशेबच करू.

आपल्याकडच्या बऱ्याच मोटारसायकलींना १८ इंची रिम आणि २.७५ इंच रुंदीचे टायर असते. अशा चाकाची बाहेरची त्रिज्या सुमारे ३० सेंमी. भरते. ताशी ६० किमी. वेगाला हे चाक सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे घेते, म्हणजे त्याचा कोनीय वेग सेकंदाला ५६ रेडियन होतो. ढेकूळ २० ग्रॅमचे आणि आसापासून २२ सेंमी. अंतरावर आहे असे धरू. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढून धरणारी प्रेरणा, म्हणजेच बल, हे वस्तुमान, कोनीय वेगाचा वर्ग आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराइतके असते. ०.०२ × ५६ × ५६ × ०.२२ हा गुणाकार सुमारे १३.८ न्यूटन येतो. जवळजवळ १.४ किलोग्रॅम वजनाइतका हा ओढा झाला! रिम ढेकळाला आत ओढते, त्याची प्रतिक्रिया म्हणून ढेकूळ रिमला बाहेर ओढते, आणि ही ओढ चाकाबरोबर फिरत राहते. क्षणात वर, क्षणात पुढे, क्षणात खाली. सेकंदाला नऊ वेळा.

या हिशेबात वेगाचा वर्ग आहे, हे विसरू नका. ताशी ३० किमी. वेगाला तेच ढेकूळ फक्त ३५० ग्रॅम वजनाइतके ओढते. काकांना पांदणीत ते जाणवणे शक्यच नव्हते. ताशी ९० ला मात्र ओढ तीन किलोग्रॅमच्या वर जाते.

चिखल दिसतो तरी. पण नवे टायर बसवल्यावर असाच दोष न दिसता येऊ शकतो. रबर आणि कापडाचे थर एकमेकांवर चढवून केलेले टायर सगळीकडे अगदी सारख्या वजनाचे नसते. ट्यूबला व्हॉल्व्हच्या जागी धातूची नळी असते, म्हणून तिथे ती जड असते. अनेक कारखाने टायरच्या हलक्या जागी पिवळा ठिपका देतात. हा ठिपका व्हॉल्व्हशेजारी आणून टायर बसवायचे, म्हणजे हलके आणि जड एका जागी येऊन बरीचशी फिटंफाट होते. ठिपका पाहून काम सुरू केले, तर निम्मा तोल तिथेच साधतो.

आता टायर बदलण्याकडे वळू. त्यात भूमितीचे एक छान कोडे आहे. बंडीच्या लाकडी चाकावर लोहार धाव कशी चढवतो, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. धाव तापवली की प्रसरण पावते, चाकावर बसते, आणि पाणी ओतले की आवळते. टायरच्या दोन्ही कडांमध्येही पोलादी तारांचे कडे असते, आणि हाताने ओढून ते मुळीच ताणले जात नाही. या कड्याचा व्यास सुमारे ४६ सेंमी. आणि रिमच्या उभ्या काठाचा व्यास त्याहून दोन-अडीच सेंटिमीटर जास्त! टायर काही तापवता येत नाही. मग लहान कडे मोठ्या काठावरून जाते कसे?

याचे उत्तर रिमच्या मधोमध असलेल्या खोलगट भागात आहे. रिमचा छेद पाहिला तर दोन्ही बाजूंना काठ, त्यांच्या आत टायर टेकण्याची जागा आणि मध्ये एक पन्हळ दिसेल. टायरची कडा एका बाजूला या पन्हळीत दाबून धरली, की कडे तिकडे सरकते आणि समोरच्या बाजूला तेवढीच ढील मिळते. त्या ढिलाईवर कडा काठावरून बाहेर काढता येते. डनलॉपने १८८८ साली बेलफास्टला केलेली पहिली हवेची टायरे चाकाला चिकटवून टाकलेली असत. पंक्चर काढायचे म्हणजे मोठाच खटाटोप. चार्ल्स वेल्च या इंग्रज गृहस्थाने १८९० साली तारेच्या कडांच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हापासून टायर काढणे-घालणे सोपे झाले.

टायर बदलताना माणसे धडपडतात ती बहुधा ही पन्हळ विसरल्यामुळे. पट्टीला जोर लावतात, आणि समोरची कडा मात्र पन्हळीबाहेर टेकलेली असते. मग पट्टी वाकते, ट्यूब चिमटते, किंवा बोट सापडते. जास्त जोर लागत असेल, तर जोर वाढवू नका. पलीकडची कडा गुडघ्याने खाली दाबा.

प्रत्यक्ष काम घरातल्या मोठ्या माणसाबरोबरच करावे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्यायचा, आस काढून पुढचे चाक सोडवायचे. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबायचा नाही. सर्वांत आधी व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण सोडायची. मग टाचेने दाबून कडा सुटी करायची, साबणाचे पाणी लावायचे आणि गोल टोकाच्या दोन चपट्या पट्ट्यांनी व्हॉल्व्हजवळून थोडी थोडी कडा बाहेर घ्यायची. पट्टी म्हणजे तुमची पहिल्या प्रकारची तरफ. रिमचा काठ हा टेकू. २४ सेंमी.ची पट्टी काठावर २ सेंमी. आत गेली, तर तुमचा जोर अकरा पट होतो. ट्यूब फाडायला तो भरपूर आहे, हेही ध्यानात असू द्या.

टायर काढले की आतून कापसाचा बोळा फिरवा. बाभळीचा काटा आत शिल्लक असला तर कापूस त्यात अडकतो. नुसते बोट फिरवले तर काटा बोटात जातो. पंक्चर काढूनही दुसऱ्या दिवशी चाक बसते, ते पुष्कळदा राहून गेलेल्या काट्यामुळे.

बसवताना हेच उलट्या क्रमाने. टायरवर बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेने हवा. ट्यूबमध्ये थोडी हवा भरली की ती गोल राहते आणि पट्टीखाली सापडत नाही. शेवटचा भाग व्हॉल्व्हजवळ चढवायचा, म्हणजे बाकीची कडा पन्हळीत राहू शकते. ट्यूब नसलेले टायर मात्र दुकानातच द्यावे; त्याची कडा हवाबंद बसवायला यंत्र लागते.

स्कूटरवाल्यांना ही कसरत करावी लागत नसे. पुण्याजवळ आकुर्डीला १९७२ पासून बनू लागलेल्या बजाज चेतक स्कूटरची रिम दोन अर्ध्या भागांची, नट-बोल्टांनी जोडलेली होती. बोल्ट सोडले की रिमच दुभंगे आणि टायर हातात येई. पट्टी नको की पन्हळ नको. धोका एकच, पण मोठा : हवा न सोडता ते नट काढले, तर रिमचे अर्धे भाग जोराने उडत.

आता राहिला तोल. याला यंत्र लागत नाही, गुरुत्वाकर्षण पुरते. चाकाच्या हबमधून ब्रेकची ताटली काढून ठेवा, आस पुन्हा घाला आणि तिची दोन टोके सारख्या उंचीच्या दोन स्टुलांवर टेकवा. चाक हलकेच फिरवून सोडा. जड बाजू असेल तर डोलत डोलत ती खाली येऊन थांबेल. तिथे खडूची खूण करा. आता चाक पाव फेरा वळवून सोडा. खूण पुन्हा खाली आली तर तुमचे अनुमान बरोबर. दर वेळी वेगळीच जागा खाली आली तर चाक तोलात आहे, किंवा बेअरिंगमधले घर्षण जास्त आहे.

खुणेच्या बरोबर समोर रिमला कणकेचा लहान गोळा चिकटवा. कमी-जास्त करत जा. कोणत्याही स्थितीत सोडले तरी चाक जागच्या जागी राहिले, की गोळा काढून लगेच शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर तोला. वाळला तर वजन घटेल. तेवढ्याच वजनाची डाख द्यायची तार रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून आणून त्याच जागी आऱ्याभोवती घट्ट गुंडाळा. तार आसाच्या जवळ आली तर वजन वाढवावे लागेल, कारण जमवायचे आहे ते परिबल : २२ सेंमी. अंतरावरचे २० ग्रॅम आणि २० सेंमी. अंतरावरचे २२ ग्रॅम सारखेच. तारेत बहुधा शिसे असते, हात धुऊन टाका.

मोटारीच्या रुंद चाकाला एवढे पुरत नाही. त्याच्या आतल्या कडेला एका बाजूस आणि बाहेरच्या कडेला समोरच्या बाजूस सारखे वजन जास्त असेल, तर ते स्टुलांवर निमूट उभे राहील आणि फिरताना मात्र डुगडुगेल. मोटारसायकलचे चाक अरुंद असल्यामुळे तिथे हा दोष किरकोळ राहतो.

गावातला पंक्चरवाला तोल पाहत नाही, म्हणून त्याला नावे ठेवू नका. चाळीस-पन्नासच्या वेगाने बाजाराला जाणाऱ्या गाडीला त्याची फारशी गरजही नसते. आणि प्रत्येक थरथर तोलाचीच असते असेही नाही. चाक फिरवून रिमजवळ एक काडी स्थिर धरा. काडी आणि रिम यांतले अंतर कमी-जास्त होत असेल, तर रिम वाकलेली आहे किंवा आरे सैल आहेत. त्यावर कणकेचा इलाज नाही.

परवाना मिळायला तुम्हाला अजून अवकाश असेल. तोवर सायकल उलटी ठेवून पुढचे चाक हळू फिरवा आणि ते थांबताना व्हॉल्व्ह कुठे येतो ते पाहा. बहुधा खाली येईल. न आल्यास आऱ्यांमध्ये परावर्तक कुठे बसवला आहे, ते शोधा.