कोवळा बांबू कुणी तोडला?

बल्लारपूर म्हटले की कागद आठवतो. तिथल्या कागद कारखान्याची कंपनी १९४५ साली नोंदली गेली, आणि पुढे कित्येक पिढ्यांच्या वह्या-पुस्तकांचा कागद वर्धा नदीकाठच्या या गावातून आला. कागदाला लगदा हवा, लगद्याला बांबू हवा, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत बांबू मुबलक. पण याच बांबूवर बुरडांची सुपे-टोपल्या होत, घरांचे कूड आणि वाड्यांची कुंपणे उभी राहत, आणि पावसाळ्यात कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची, भाजी होई. बांबू एक आणि त्याकडे जाणारे हात अनेक. मग तो टिकतो कसा? हा प्रश्न वनशास्त्राचा आहे तसाच गणिताचाही आहे. येथे आपण त्याची गणिती बाजू पाहू.

आधी बांबूविषयी थोडेसे. बांबू हे गवत आहे. त्याचे बेट जमिनीखालच्या कंदातून वाढते. दर पावसाळ्यात नवे कोंब फुटतात आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतात, पण पक्के व्हायला त्यांना दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून तोडीचा नियम असा : जुने बांबू काढावेत, पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे राखावेत, बुंधा अगदी जमिनीलगत छाटू नये, कंद तर खणूच नये. नियम सोपा आहे, पण पाळणाऱ्याला लगेच तोटा होतो. बेटाच्या कडेचा कोवळा बांबू तोडायला सोपा, आतला जुना ओढून काढायला कष्टाचा.

समजा, एका जंगलात दोन गट बांबू तोडतात. दोघांनी नियम पाळला तर वर्षाला प्रत्येकी ३ गुण मिळतात. एकाने पाळला आणि दुसऱ्याने मोडला, तर मोडणाऱ्याला ५ आणि पाळणाऱ्याला शून्य. दोघांनी मोडला तर प्रत्येकी १. खेळ एकाच वर्षाचा असेल तर समोरचा काहीही करो, नियम मोडणेच फायद्याचे ठरते. दोघेही असाच विचार करतात आणि ३ ऐवजी १ गुणावर येतात. गणितात याला ‘कैद्यांचा पेच’ म्हणतात. बंड्यामागे मजुरी घेऊन एका हंगामापुरता आलेला तोडणारा नेमका याच पेचात असतो. पुढच्या वर्षीचे बेट त्याचे नसते. त्याला लोभी म्हणून काही साधत नाही.

खेळ दरवर्षी होणार असेल तर चित्र पालटते. समजा, यंदाची व्यवस्था पुढच्या वर्षी चालू राहण्याची शक्यता ९० टक्के आहे. म्हणजे ती सरासरीने १० वर्षे चालेल. दोघेही नियम पाळत राहिले तर प्रत्येकाची अपेक्षित बेरीज ३० होते. आता दोघांनी ठरवले की कुणीही एकदा नियम मोडला की करार कायमचा संपला. मोडणाऱ्याला त्या वर्षी ५ आणि पुढे दरवर्षी १, म्हणजे एकूण १४ मिळतात. तीस सोडून चौदा कोण घेईल? उद्याची सावली आजच्या हातावर पडते ती अशी.

इथपर्यंतचे गणित बऱ्याच पुस्तकांत सापडते. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : कुणी काय केले ते सगळ्यांना स्पष्ट दिसते. जंगलात तसे नसते. दिवाळीनंतर बेटापाशी गेलो तर कोवळे बांबू कमी दिसतात. शेजाऱ्याने तोडले असतील, किंवा वास्ते फुटले तेव्हाच रानडुकरांनी आणि साळिंदरांनी खाल्ले असतील. गुरे शिरली असतील, वणवा लागला असेल, पाऊस कमी झाला असेल, वाटेने जाणाऱ्या तिसऱ्याच कुणी हात मारला असेल. आपल्याला दिसते ते विरळ बेट. कृती दिसत नाही, तिची धूसर खूण तेवढी दिसते.

हा धूसरपणा गणितात आणू. दोघांनीही नियम पाळला तरी १० टक्के वर्षांत बेट विरळ दिसते. एकाने मोडला तर ६० टक्के वेळा तसे दिसते, उरलेल्या ४० टक्के वेळा लबाडी पचते. आता ‘विरळ दिसले की करार कायमचा संपला’ हा कडक नियम ठेवला तर काय होईल? करार टिकतो, कारण लबाडी अजूनही परवडत नाही. पण दोघेही प्रामाणिक असताना कधीतरी रानडुकरे येतातच, आणि त्या वर्षी सगळे मोडते. अपेक्षित बेरीज ३० वरून २०.५ वर घसरते.

मग शिक्षा सौम्य करावी का? विरळ दिसल्यावर फक्त दोन वर्षे करार स्थगित ठेवून पुन्हा सुरू केला तर प्रामाणिकाची बेरीज २७.१ होते. पण लबाडाची होते २७.६! म्हणजे लबाडी फायद्याची ठरली आणि करार कोसळला. तीन वर्षांची स्थगिती किंचित कमी पडते. चार वर्षांची पुरते : प्रामाणिकाला २५.३, लबाडाला २४.९. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना हे आकडे स्वतः काढता येतील. बेरजेला ‘ब’ मानून एकचल समीकरण मांडायचे, एवढेच.

या गणितात एक विचित्र गोष्ट दडलेली आहे, आणि आम्हाला तीच सर्वात महत्त्वाची वाटते. करार नीट चालू असताना कुणीच लबाडी करत नाही. मग बेट विरळ दिसले, तर ते निसर्गामुळेच, हे दोघांनाही ठाऊक असते. तरीही चार वर्षे शिक्षा भोगावीच लागते. ‘या वेळी डुकरेच होती, सोडून देऊ’ असे म्हटले की पुढच्या वर्षी लबाडीला डुकरांचे नाव मिळते. निरपराधांनी निरपराधांना दिलेली ही शिक्षा हे धूसर नजरेचे भाडे आहे.

एडवर्ड ग्रीन आणि रॉबर्ट पोर्टर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ साली हीच कल्पना बाजारभावांसाठी मांडली. भाव चढे ठेवण्याचा गुप्त करार केलेल्या कंपन्यांना एकमेकींची खरी विक्री दिसत नाही, फक्त बाजारातला भाव दिसतो. भाव पडला तर कुणी चोरून जास्त माल विकला की मागणीच घटली, हे कळत नाही. म्हणून अधूनमधून भावयुद्धे होतात आणि ती संपल्यावर करार पुन्हा सुरू होतो. पोर्टर यांनी १८८० च्या दशकातल्या अमेरिकन रेल्वे कंपन्यांच्या संघाचा अभ्यास करून तिथेही असे चढउतार दाखवले. तिथे सहकार्य मोडणे ग्राहकाच्या हिताचे होते, जंगलात ते सगळ्यांच्याच मुळावर येते. गणित मात्र दोन्हीकडे तेच.

हे भाडे कमी कसे करावे? पुन्हा आकड्यांकडेच जाऊ. समजा, दोन्ही गटांनी मिळून गस्त घातली, तोडलेले बुंधे मोजले, आणि त्यामुळे खोटा संशय १० वरून ५ टक्क्यांवर आला, लबाडी ६० ऐवजी ९० टक्के वेळा उघड होऊ लागली. आता दोन वर्षांची स्थगिती पुरते आणि बेरीज २८.४ वर जाते. नजर सुधारली की शिक्षा सौम्य करता येते. शिक्षा वाढवून मात्र नजरेची उणीव फुकटात भरून निघत नाही.

अडचण आणखी वाढते ती प्रत्येकाला वेगळे दिसते तेव्हा. आतापर्यंत विरळ बेट दोघांनाही दिसत होते. पण मला दिसले आणि तुम्हाला नाही, असे झाले तर? मी तुम्हाला शिक्षा म्हणून नियम मोडतो. तुम्हाला कारण माहीत नसल्यामुळे मीच पहिला लबाड ठरतो. मग तुम्ही मला शिक्षा करता. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकावर भरवलेल्या स्पर्धांत ‘जशास तसे’ ही साधी चाल जिंकली होती. अशा चुका शिरल्या की तीच चाल दोघांना सूडाच्या फेऱ्यात अडकवते. मार्टिन नोवाक आणि कार्ल झिगमुंड यांनी १९९२ साली दाखवले की अशा वेळी थोडी क्षमा करणारे ‘जशास तसे’ बरे. वर आपण घेतलेल्या ५, ३, १, ० या गुणांसाठी तीनपैकी साधारण एका वेळी सोडून द्यावे, असे त्यांचे उत्तर येते.

क्षमेहून खात्रीचा उपाय म्हणजे ज्याला जे दिसले ते सगळ्यांसमोर आणणे. येथे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचा विचार करावासा वाटतो. या गावाने निर्णय ग्रामसभेत आणि बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने घेण्याची पद्धत अनेक वर्षे जोपासली. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ हा त्यातला मोठा भाग. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतुकीचा परवाना कुणी द्यायचा यावरून वाद झाला, आणि एप्रिल २०११ मध्ये परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

आपल्या भाषेत सांगायचे तर हक्क मिळाल्याने ‘पुढच्या वर्षीही हे जंगल आपलेच’ ही शक्यता वाढली. उद्याची सावली लांबली. आणि परवाने स्वतःच लिहायचे म्हटल्यावर किती बांबू निघाला, कुणी नेला, कुठे गेला याची नोंद गावातच राहते. सर्वसहमतीच्या सभेत कुणाचा संशय मनात कुजत राहणे अवघड. तो सर्वांपुढे बोलला जातो, नाहीतर सहमतीच होत नाही. कार्यक्षमतेच्या हिशेबाने लांबलचक वाटणारी सभा म्हणजे खाजगी नजरांची एक सामाईक नजर करण्याचे यंत्र आहे, असे आम्हाला वाटते. योगायोग असा की, त्याच २००९ साली एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामाईक साधने टिकवणाऱ्या गावांचा अभ्यास करून त्यांनी नोंदले होते की, तिथे राखणदार वापरणाऱ्यांपैकीच असतात आणि पहिल्या चुकीची शिक्षा हलकी असून ती पुढे वाढत जाते.

अजून एक बारकावा. विरळ बेट पाहून ‘काय झाले’ ते कळते, ‘कुणी केले’ ते कळत नाही, म्हणून शिक्षा दोघांनाही भोगावी लागली. कुणी केले हे थोडेफार जरी ओळखता आले, तर एकट्याकडून दंड घेऊन तो गावाच्या निधीत टाकता येतो. मग शिक्षेत काहीच वाया जात नाही, फक्त हात बदलतात. ड्रू फ्युडेनबर्ग, डेव्हिड लेव्हिन आणि एरिक मास्किन यांनी १९९४ साली हे सर्वसाधारण रूपात सिद्ध केले : खुणांवरून कुणाची कृती हे वेगळे ओळखता येत असेल, आणि खेळाडू भविष्याला पुरेसे महत्त्व देत असतील, तर धूसर नजरेतही जवळजवळ पूर्ण सहकार्य शक्य आहे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचा एक निर्णय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या गावाने बांबूची तोड आणि विक्री स्वतः सुरू केली, पण तेंदूपत्ता गोळा करणे मात्र बंद केले. तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, नवी पालवी यावी म्हणून रान पेटवले जाते, आणि रोख उत्पन्न मोठे असूनही गावाने जंगलाचे हे नुकसान नको म्हटले. गावाने हा हिशेब आमच्या समीकरणांनी केला नाही, हे उघड आहे. पण त्यातून एक गोष्ट आपोआप साधते. ‘आग न लावता पाने तोडा’ असा नियम असता, तर जळालेल्या रानावरून कुणाचेही नाव निघाले नसते. ‘पाने तोडायचीच नाहीत’ असे ठरल्यावर अंगणात वाळत घातलेले एक पुडकेही पुरावा होते. धूसर खूण नियम बदलल्याने स्पष्ट झाली.

वर्गात हे करून पाहायला एक फासा पुरतो. दोन मुलांनी ‘पाळला’ किंवा ‘मोडला’ हे चिठ्ठीवर लिहून शिक्षकांकडे द्यावे. दोघांनी पाळला असेल तर फाशावर फक्त १ पडल्यास, आणि कुणीही मोडला असेल तर १ ते ४ पडल्यास, शिक्षकांनी ‘बेट विरळ’ असे जाहीर करावे. गुण शेवटी सांगावेत. वीस डावांनंतर जोड्यांच्या बेरजा फळ्यावर मांडा. मग तोच खेळ मुलांना प्रत्येक डावाआधी एक मिनिट बोलू देऊन पुन्हा खेळवा आणि दोन्ही बेरजा शेजारी लिहा.