रुमानियांतील वसंतागमन

हिंवाळ्यास निरोप देण्याची रीत देशोदेशीं निराळी. रुमानियांत मार्चच्या पहिल्या तारखेस पांढऱ्या व तांबड्या धाग्यांना पीळ घालून केलेला एक बारीक गोफ स्त्रियांस व मुलींस भेट देतात. 'मर्त्सिशोर', म्हणजे 'इवलासा मार्च', असें त्याचें लाडकें नांव. मनगटास बांधलेला अथवा छातीवर टांचलेला हा गोफ कांहीं दिवस अंगावर वागवून मग मोहरलेल्या झाडाच्या फांदीस बांधतात. पांढरा रंग बर्फाचा व तांबडा जीवनाचा, असा अर्थ सांगतात. पूर्वीं गोफांत नाणें ओवीत. पुढें त्याच नाण्याचें तांबडें द्राक्षासव व ताजें पनीर घेत, कीं मुख वर्षभर पनीरासारखें गोरें व आसवासारखें आरक्त रहावें!

या दिवसांची एक कथा आहे. तिचे पाठभेद पुष्कळ. पण ती सासूसुनेची असल्यानें आमच्या वाचकभगिनींस परकी वाटणार नाहीं. दोकिया नांवाच्या म्हाताऱ्या धनगरणीनें भर थंडींत सुनेस काळी लोंकर देऊन ती पांढरी होईपर्यंत नदीवर धुण्यास फर्माविलें. बोटांतून रक्त आलें, तरी लोंकर काळी ती काळीच. तेव्हां एका अनोळखी पुरुषानें—कोणी म्हणतात, साक्षात् ख्रिस्तानें—तिला तांबडें फूल दिलें व लोंकर शुभ्र झाली. सुनेच्या हातीं फूल पाहून सासूस वाटलें, वसंत आलाच! एकावर एक बारा मेंढकातडी कोट चढवून ती कळपासह डोंगरावर निघाली. ऊन तापलें तसतसा एकेक कोट तिनें टाकून दिला. शेवटचाहि टाकला आणि थंडी उलटली. म्हातारी गोठून शिळा झाली. बुचेज पर्वताच्या पठारावरील वाऱ्यापावसानें झिजलेल्या शिळांस आजहि 'बाबेले', म्हणजे 'म्हाताऱ्या', म्हणतात.

१ ते ९ मार्च हे 'म्हातारीचे दिवस'. त्यांतील एक दिवस ज्यानें त्यानें आपला म्हणून निवडावा. त्या दिवसाच्या हवेवरून त्याचें वर्ष कसें जाईल तें ठरतें. ९ मार्चला चाळीस ख्रिस्ती हुतात्म्यांच्या स्मरणार्थ इंग्रजी आठाच्या आकड्याचें पक्वान्न करतात. मोल्दाव्हियांत तें भाजून त्यावर मध व अक्रोड घालतात, तर दक्षिणेकडे लहान आकारांत पाण्यांत शिजवून साखर व दालचिनीसह वाढतात.

२०१७ सालीं युनेस्कोनें रुमानिया, मोल्दोव्हा, बल्गेरिया व उत्तर मॅसिडोनिया या चारहि देशांच्या या आचारांस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. आम्हांस मात्र त्यांतील कथाच अधिक मोलाची वाटते. ज्या थंडींत सुनेस लोटलें, तिनेंच सासूस गांठलें. आणि वसंताचें पहिलें फूल मिळालें तें राबणाऱ्या, रक्ताळलेल्या हातांस.