कोल्टचा शस्त्रकारखाना : कीर्ति व कर्ज

शस्त्रें कोणीं चालविलीं ह्याची चर्चा इतिहासांत पुष्कळ होते; तीं घडविणाऱ्या कारखान्यांचा जमाखर्च मात्र क्वचितच पाहिला जातो. अमेरिकेंतील कोल्टच्या कारखान्याचें उदाहरण घेऊन, नांवाजलेला कारखाना कर्जबाजारी कसा होतो, हें आम्ही येथें संक्षेपानें सांगणार आहों.

सॅम्युअल कोल्ट यास १८३६ सालीं फिरत्या दंडगोलाच्या पिस्तुलाचें, म्हणजे रिव्हॉल्व्हरचें, अमेरिकेंत पेटंट मिळालें. पॅटर्सन येथील त्याचा पहिला कारखाना गिऱ्हाइकाअभावीं १८४२ सालीं बंद पडला. पुढें मेक्सिकोशीं युद्ध जुंपलें. १८४७ सालीं सरकारनें १००० रिव्हॉल्व्हरें मागविलीं आणि धंदा पुनः उभा राहिला. पेटंटचा एकाधिकार व सरकारची मागणी हेच ह्या कारखान्याचे दोन आधारस्तंभ होत.

पहिला स्तंभ १८५७ सालीं पेटंटची मुदत संपतांच ढळला. शिवाय, धातूचें काडतूस मागून भरतां येईल अशा आरपार छिद्रांच्या दंडगोलाचे हक्क स्मिथ अँड वेसन यांनीं मिळविले होते. ते १८६९ पर्यंत टिकले. जी ढाल कोल्टनें वापरली, तीच प्रतिस्पर्ध्याच्या हातीं गेली.

दुसरा स्तंभ विसाव्या शतकांत खचला. एम-१६ रायफलीचे हक्क कोल्टनें १९५९ सालीं आर्मालाइटकडून घेतले; परंतु १९६७ सालीं सरकारनें ती इतरांकडून करवून घेण्याचा परवाना मिळविला. तेव्हांपासून चढाओढीस वाट मोकळी झाली. सैन्याचें पिस्तूल १९८५ सालीं इटलीच्या बेरेटाकडे गेलें. १९८६ च्या आरंभीं कोल्टच्या ८०० हून अधिक कामगारांनीं संप पुकारला. तो सुमारें चार वर्षें चालला. त्या अवधींतच, १९८८ सालीं, एम-१६ चें कंत्राट बेल्जमच्या एफ. एन. कारखान्यास मिळालें. इकडे पोलिसही रिव्हॉल्व्हर टाकून ग्लॉकसारखीं स्वयंचलित पिस्तुलें घेऊं लागले.

१९९० सालीं संप मिटला, तेव्हां कनेक्टिकट संस्थानाच्या निवृत्तिवेतन-निधींतून २.५ कोटि डॉलर ह्या कारखान्यांत घालण्यांत आले. दोनच वर्षांनीं, १९९२ सालीं, कारखान्यानें दिवाळखोरीचा अर्ज केला. वृद्धांच्या पोटाची शिदोरी अशा रीतीनें एका नांवाच्या भरंवशावर पणास लागली!

पुढें एम-४ कार्बाइनीचें कंत्राटही २०१३ सालीं एफ. एन. कडे गेलें. २५ कोटि डॉलरांच्या रोख्यांचें व्याज डोक्यावर असतां मागणी घटली, आणि २०१५ च्या जूनमध्यें दिवाळखोरीचा दुसरा अर्ज आला. २०२१ सालीं झेक कंपनीनें कोल्ट विकत घेतला. परंतु पुढील वर्षीं तिनें आपलें नांव 'कोल्ट सी. झेड.' असें केलें. स्वामित्व गेलें, नांव उरलें.

तात्पर्य हेंच कीं, एकाच राजद्वारावर ज्याचें पोट अवलंबून, त्यानें सुबत्तेच्या काळांत दुसरें दार शोधावें. कीर्तीनें गिऱ्हाईक आकृष्ट होतें. कर्ज मात्र फिटत नाहीं.