मोरी तुंबण्यापूर्वीं

घर बांधतांना देवघर कोणत्या दिशेस असावें याचा मनुष्य विचार करतो, माजघरांत उजेड कसा येईल हें पाहतो, आणि दाराच्या चौकटीसाठीं सुताराशीं चार वेळां बोलणीं करतो. परंतु ज्या वाटेनें त्या घरांतील सारी घाण रोज बाहेर जावयाची, तिच्यासंबंधीं दोन प्रश्नही फारसे कोणी विचारीत नाहीं. फरशी बसली कीं ती वाट दृष्टीआड होते, आणि जें दृष्टीआड झालें तें विचारांतूनही जातें. पुढें एके दिवशीं, बहुधा महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशींच, न्हाणीघरांतून काळें पाणी उलटें वर येऊं लागतें, आणि घरांतील मंडळी 'एकाएकीं हें काय झालें' म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

आमचें म्हणणें असें कीं, यांत एकाएकीं असें कांहीं होत नसतें. सांडपाण्याचा नळ बिघडण्यापूर्वीं कित्येक आठवडे आपली प्रकृति सांगत असतो. तें सांगणें ओळखण्यास शास्त्राची पदवी लागत नाहीं. डोळे, कान व नाक हीं पुरेशीं आहेत. आणि तें वेळेवर ओळखावें हें केवळ खर्च वांचविण्यासाठीं नव्हे. त्याकडे दुर्लक्ष झालें तर त्याची किंमत पैशांत भागत नाहीं. घरांतील लहान मुलें, गर्भवती सून किंवा बाहेरून बोलाविलेला एखादा गरीब मजूर यांस ती द्यावी लागते.

प्रथम ही रचना कशी असते तें थोडक्यांत पाहूं. आमच्या अकोटासारख्या गांवांत बहुतेक घरांची घाण घराच्याच आवारांतील सेप्टिक टाकींत जाते. मोरी, न्हाणीघर व शौचकूप यांचे नळ लहान चौकोनी कुंड्यांत, म्हणजे चेंबरांत, एकत्र येतात; शौचकुपाचें पाणी तेथून टाकींत उतरतें, आणि टाकींतील निवळलेलें पाणी शोषखड्ड्यांत किंवा बाहेरच्या गटारांत जातें. न्हाणीघराच्या जाळीखालीं जो वाकडा तुकडा असतो, ज्यास कारागीर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, त्यांत वीतभर खोलीइतकेंही पाणी नसतें. परंतु तेवढेंच पाणी टाकींतील दूषित वायूस घरांत येऊं देत नाहीं. टाकीवरून उंच गेलेली नळी त्या वायूस छपराच्या वर सोडते. नळास उतार किती असावा याचा जुना ठोकताळा असा आहे कीं, चार इंची नळास चाळीस फुटांमागें एक फूट, आणि सहा इंची नळास साठ फुटांमागें एक फूट. उतार कमी पडला तर मळ मागें राहतो; उतार फारच दिला तर पाणी पुढें धांवतें आणि मळ तरीही मागेंच राहतो.

आतां आमच्या भागाची विशेष अडचण ऐका. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेपर्यंतची आमची भूमि काळी आहे, आणि कपाशीस ती जितकी मानवते तितकीच जमिनींत पुरलेल्या नळांस जाचते. वैशाखांत ही जमीन आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात; मृगाचा पाऊस पडला कीं ती फुगून वर उचलते. दरवर्षीं हा श्वासोच्छ्वास चालू असतो आणि मधला नळ त्याबरोबर खालींवर होतो. चिनी मातीच्या जुन्या नळांचे सिमेंटचे सांधे या हालचालीनें उकलतात. नवे पीव्हीसीचे नळ सहसा फुटत नाहींत, पण खालीं वाळूचा थर नीट दिलेला नसला तर मध्येंच झोळीसारखे खचतात आणि त्या झोळींत मळ सांचतो. शिवाय काळी माती पाणी सावकाश शोषते, म्हणून पावसाळ्यांत शोषखड्डे लवकर भरतात. तालुक्याच्या दक्षिणेकडील खारपाणपट्ट्यांत भूमिगत पाणीच खारें आहे. तेथें लोखंड व बीड लवकर गंजतें. पुण्यामुंबईच्या पुस्तकांतील सल्ला आमच्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाहीं तो यामुळें.

बिघाडाचीं चिन्हें ओळखतांना पहिला भेद हा करावा कीं, पाणी एकाच ठिकाणीं तुंबतें कीं अनेक ठिकाणीं. केवळ स्वयंपाकघराची मोरी मंद झाली असेल, तर दोष त्या मोरीच्या नळांत आहे. भाताचीं शितें, चहाचा चोथा किंवा थिजलेलें तूप तेथें अडकलें असेल. परंतु मोरी, न्हाणीघर व शौचकूप हीं तिन्ही एकाच सुमारास मंदावलीं, तर दोष त्या सर्वांच्या पुढें, मुख्य नळांत किंवा टाकींत आहे असें समजावें. अशा वेळीं मोरींत काठी घालून कांहीं लाभ नाहीं.

दुसरें चिन्ह आवाजाचें. शौचकुपांत पाणी सोडलें असतां न्हाणीघराच्या जाळींतून गुळगुळ असा ध्वनि येत असेल, तर नळांतील हवेस बाहेर जाण्यास वाट उरलेली नाहीं व ती ट्रॅपमधील पाण्यांतून वाट काढीत आहे. एक तर नळ अर्धा बुजला आहे, नाहीं तर वायूची नळी पाखरांच्या घरट्यानें वा कचऱ्यानें बंद झाली आहे. घरांतील मुलें या आवाजास हंसतात. वडील माणसांनीं मात्र तो ऐकून सावध व्हावें.

तिसरें चिन्ह म्हणजे सर्वांत सखल जागीं पाणी वर येणें. पाण्यास पुढें वाट मिळाली नाहीं कीं तें मागें वळून सर्वांत खालच्या तोंडानें बाहेर पडतें. वरच्या मजल्यावर कोणी स्नान करीत असतां खालच्या न्हाणीघरांत पाणी दिसूं लागलें, तर कारागीर येईपर्यंत वरचाही वापर थांबवावा.

दुर्गंधीविषयीं थोडा विवेक पाहिजे. पाहुण्यांची खोली महिनाभर बंद असेल, तर तेथील ट्रॅपमधलें पाणी उन्हाळ्यानें आटून वास येतो. दोन तांबे पाणी ओतलें कीं तो जातो. पाणी ओतूनही जो वास जात नाहीं, किंवा जो घरापेक्षां अंगणांत अधिक येतो, तो फुटलेल्या नळाचा किंवा भरलेल्या टाकीचा समजावा.

कांहीं चिन्हें घराबाहेर दिसतात आणि तीं बहुधा चुकीच्या अर्थानें घेतलीं जातात. चैत्रवैशाखांत सारें अंगण करपलें असतां एकाच पट्ट्यांत गवत हिरवेंगार राहिलें, किंवा कोपऱ्यांतील कर्दळ पाण्यावांचून माजली, तर त्या ठिकाणीं नळ झिरपत आहे. फरशीची एखादी ओळ खचते. भिंतीच्या पायथ्याशीं ओल चढून लोणा लागतो आणि रंग पोपडे धरून सुटतो. घुशीनें नळाच्या रेषेंतच बीळ केलें असेल, तर सांधा उघडा आहे कीं काय हें अवश्य पाहावें. वड, पिंपळ व उंबर यांचीं मुळें ओलाव्याच्या शोधांत केसाएवढ्या फटींतून नळांत शिरतात आणि आंत जटांसारखीं वाढतात. अशा वृक्षांजवळून नळ जात असेल तर तेवढा भाग वर्षांतून एकदां तपासावा.

शंका आली कीं परीक्षा सोपी आहे. पहांटे घरांत कोणीही पाणी वापरण्यापूर्वीं चेंबरचें झांकण काढून थोडा वेळ दूर उभें राहावें, आणि मग आंत पाहावें. जवळ काडी पेटवूं नये, कारण त्या वायूंत मिथेन असतो व तो पेट घेतो. लहान मुलांस तेथें येऊं देऊं नये. तळाशीं पाणी उभें असेल तर पुढें अडथळा आहे. कोणी पाणी वापरीत नसतांही बारीक धार चालू असेल, तर एखादा नळ गळत आहे किंवा जमिनींतील पाणी फुटलेल्या सांध्यांतून आंत शिरत आहे. यानंतर शौचकुपांत एक बादली रंगीत पाणी सोडावें. तें चेंबरांत वेगानें व बहुतेक सर्व आलें तर मार्ग निर्दोष. रेंगाळत आलें तर मळ सांचलेला. आणि थोडेंच आलें तर उरलेलें कोणाच्या तरी पायाखालीं गेलें हें निश्चित.

तें पायाखालीं गेलेलें पाणी पुढें कोठें जातें, याचें एक उदाहरण जगाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. १८५४ सालीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागांत पटकीची भयंकर सांथ आली आणि सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. डॉक्टर जॉन स्नो यांनीं रोगाचा माग तेथील सार्वजनिक पंपापर्यंत नेला. पुढच्या वर्षीं खोदून पाहिलें तेव्हां असें आढळलें कीं, ४० क्रमांकाच्या घराचा मैलाखड्डा त्या विहिरीपासून तीन फुटांहूनही कमी अंतरावर होता, आणि त्याच्या विटा कुजून घाण विहिरींत झिरपत होती. त्या घरांतील एका आजारी तान्ह्या मुलीचे लंगोट धुतलेलें पाणी आईनें त्याच खड्ड्यांत ओतलें होतें. एका घराचा एक झिरपता खड्डा, आणि सारी पेठ ओस पडली.

ही गोष्ट जुनी व दूरची म्हणून सोडून देतां येत नाहीं. दिल्लींत १९५५ च्या नोव्हेंबरांत गटाराचें पाणी यमुनेवरील पाणीपुरवठ्याच्या तोंडाशीं शिरलें आणि सुमारें २९,००० लोकांस कावीळ झाली. ती हेपॅटायटिस ई या विषाणूची होती हें पुढें सिद्ध झालें, आणि हा रोग गर्भवती स्त्रियांस विशेष घातक आहे. २०२२ च्या जुलैंत आमच्या शेजारच्या मेळघाटांत, पाचडोंगरी व कोयलारी या गांवीं, विहिरीच्या दूषित पाण्यानें पटकी पसरून माणसें मृत्यू पावलीं. वऱ्हाडांतील बहुतेक शहरांत नळास चोवीस तास पाणी नसतें. पाणी बंद झालें कीं नळांतील दाब नाहींसा होतो, आणि शेजारून सांडपाण्याचा फुटका नळ जात असेल तर ती घाण पिण्याच्या नळांत ओढली जाते. म्हणून नळाचें पहिलें पाणी गढूळ वा दुर्गंधियुक्त आलें, किंवा एकाच घरांत दोघांतिघांस जुलाब, ताप वा कावीळ झाली, तर पाणी उकळून प्यावें, तें तपासण्यास द्यावें, नगरपालिकेस कळवावें आणि आपली मोरीही तपासावी. आवारांत विहीर असेल तर शोषखड्डा तिच्यापासून निदान साठ फूट दूर असला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याविषयीं आम्हांस अधिक आग्रहानें बोलावेसें वाटतें. टाकी पूर्ण तुंबेपर्यंत आपण स्वस्थ बसतों, आणि मग कोणास तरी बोलावून 'आंत उतर आणि काढ' म्हणतों. टाकींतील हायड्रोजन सल्फाइड वायु थोडा असतां नासक्या अंड्यासारखा घाणतो. परंतु प्रमाण वाढलें कीं तो वास घेण्याची शक्तीच नष्ट करतो, आणि आंत उतरलेल्या मनुष्यास धोका कळण्यापूर्वीं शुद्ध हरपते. त्यास काढावयास दुसरा उतरतो, आणि तोही परत येत नाहीं. २०२३ च्या मे महिन्यांत परभणी जिल्ह्यांतील सोनपेठ तालुक्यांत एका सेप्टिक टाकीच्या सफाईंत पांच मजूर असेच गेले. संरक्षणाच्या साधनांवांचून मनुष्यास टाकींत वा गटारांत उतरविणें हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे; गटारसफाईंतील मृत्यूबद्दल वारसांस तीस लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०२३ च्या ऑक्टोबरांत दिला. पण कायदा नसता तरी काय झालें असतें? आपली घाण दुसऱ्यानें जीव धोक्यांत घालून काढावी, ही अपेक्षा सुशिक्षित घरास शोभत नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं स्वतःच्या हातांत खराटा घेऊन आम्हां वऱ्हाडकरांस हेंच शिकविलें. टाकी दर दोनतीन वर्षांनीं यंत्राच्या गाडीनें उपसून घेतली, तर कोणास आंत उतरण्याचा प्रसंगच येत नाहीं.

रोजच्या चालीरीतींत थोडें लक्ष दिलें तर पुष्कळ काम भागतें. तळणाचें उरलेलें तेल व तूप मोरींत ओतूं नये. खरकटीं भांडीं प्रथम निपटून मग धुवावीं. केस, कापूस, कापडाच्या पट्ट्या व मुलांचे डायपर शौचकुपांत टाकूं नयेत. तेजाब व जहाल औषधें वारंवार ओतल्यानें टाकींत मळ कुजविणारे जंतु मरतात आणि टाकी उलट लवकर भरते. मंगलकार्याचा मांडव घालण्यापूर्वीं चेंबर पाहून घ्यावें, कारण पन्नास माणसांचा भार तो नळ एरवीं सोशीत नसतो.

एकत्र कुटुंबांत याहूनही नाजूक प्रश्न वांटणीचा असतो. वाडा भावाभावांत वांटला जातो, पण नळ वांटला जात नाहीं. थोरल्याची मोरी धाकट्याच्या अंगणाखालून वाहात राहते. पुढें नळ फुटला कीं फरशी कोणी उकरावयाची यावरून बोलणें तुटतें. म्हणून नळ कोठून जातो, चेंबरें कोठें आहेत आणि टाकी कधीं उपसली, याचा साधा नकाशा काढून तो घराच्या कागदपत्रांत ठेवावा, आणि वांटणीपत्रांत नळाच्या दुरुस्तीचा हक्क व खर्चाचा वांटा स्पष्ट लिहून घ्यावा.

मोरी मंद झाल्याचें प्रथम कळतें तें बहुधा घरांतील स्त्रियांस, आणि तें त्या सांगतातही. परंतु 'बघूं पुढें' या दोन शब्दांवर तें थांबतें. आमची कुटुंबांतील कर्त्या पुरुषांस एवढीच विनंति आहे कीं, असें सांगणें त्याच दिवशीं मनावर घ्यावें, आणि येत्या वैशाखांत, जमीन भेगाळलेली असतांना व पाऊस पडण्यापूर्वीं, एकदां चेंबरांचीं झांकणें काढून स्वतः पाहावें. त्या कामास एक सकाळ पुरते.