कराडचा एक शेरा

गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा सरकारी नोकराच्या किती जिव्हारी लागतो, हे कणकवलीच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना सांगायला नको. पदोन्नती अडते आणि बदनामी होते ती वेगळीच. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या एका भांडारपालाच्या अहवालात दोन वरिष्ठांनी असाच शेरा मारला: सचोटी आणि चारित्र्य चांगलं नाही. भांडारपाल अनुसूचित जातीतले, वरिष्ठ त्या प्रवर्गाबाहेरचे. 4 जानेवारी 2006 रोजी कराड पोलीस ठाण्यात अॅट्रॉसिटीची तक्रार झाली.

पुढची दहा वर्षं प्रकरण कागदांवरून फिरत राहिलं. सरकारी नोकरांवर खटला भरायचा तर मंजुरी हवी. तंत्रशिक्षण संचालक डॉ. सुभाष महाजन यांनी ती जानेवारी 2011 मध्ये नाकारली. पोलिसांनी तपास बंद करण्यासाठी सी समरी पाठवली, न्यायालयाने ती स्वीकारली नाही. तक्रार जाणूनबुजून खोटी केली असं पोलिसांना म्हणायचं असतं, तेव्हा ते बी समरी मागतात. इथे पोलिसांनीही तसं म्हटलं नव्हतं. आज हे प्रकरण सर्रास ‘खोट्या तक्रारीचं’ उदाहरण म्हणून सांगितलं जातं, तेव्हा ही गोष्ट कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मार्च 2016 मध्ये खुद्द महाजनांवर गुन्हा नोंदला गेला. मंजुरीचा अधिकार राज्य सरकारचा असताना ती तुम्ही नाकारलीच कशी, हा आक्षेप. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. 20 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने तो रद्द केला.

महाजनांपुरता तो निकाल मला योग्यच वाटतो. वरिष्ठाने कार्यालयीन कामात दिलेला आदेश चुकीचा असेल, अधिकाराबाहेरचाही असेल. तेवढ्याने तो जातीवरून केलेला गुन्हा ठरत नाही. पण खंडपीठ तिथे थांबलं नाही. सरकारी नोकराला अटक करण्याआधी नियुक्ती प्राधिकाऱ्याची परवानगी, इतरांसाठी वरिष्ठ पोलीस अधीक्षकांची, गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशी, असे आदेश देशभरासाठी दिले. आधार म्हणून 2015 चे आकडे घेतले: निकाली निघालेल्या खटल्यांपैकी 75 टक्क्यांहून जास्त खटल्यांत सुटका किंवा माघार. पण साक्षीदार फुटला, तपास ढिला झाला, फिर्यादी गावातल्या दबावाने गप्प बसला, तरीही आरोपी सुटतोच. सुटका झाली म्हणजे तक्रार खोटी होती, असं त्यातून निघत नाही.

या आदेशांविरुद्ध 2 एप्रिलला भारत बंद झाला, काही राज्यांत माणसं गेली. ऑगस्टमध्ये संसदेने परवानगीची आणि प्राथमिक चौकशीची अट काढून टाकणारं कलम 18अ कायद्यात घातलं. 1 ऑक्टोबर 2019 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते आदेश मागे घेतले. खोटी तक्रार माणसाच्या स्वभावदोषातून होते, जातीतून नव्हे, असं या पीठाने बजावलं. हे वाक्य आधीच्या निकालात असायला हवं होतं.

कामाची आणि जातीची गाठ किती घट्ट असते, हे कणकवलीला गांधीवादी आप्पासाहेब पटवर्धनांमुळे ठाऊक आहे. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैलासफाईचं काम मागितलं, तेव्हा ते मिळेना. ते काम कुणी करायचं हे तुरुंगातही जातीवरून ठरलेलं. आप्पासाहेबांनी उपोषण केलं, येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडलं. पुढे 1948 मध्ये आप्पासाहेबांनी इथे गोपुरी आश्रम काढला. दलित माणसाला हाताने मैला साफ करायला लावणं अॅट्रॉसिटी कायद्यात स्पष्टपणे गुन्हा ठरलं ते मात्र 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने.

2019 नंतरच्या निकालांनी गुन्ह्याची कसोटी बरीच नेमकी केली. फेब्रुवारी 2020 मध्ये कलम 18अ वैध ठरलं. मात्र प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर या कायद्यात एरवी न मिळणारा अटकपूर्व जामीन देता येईल, ही वाट खुली राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हितेश वर्मा खटल्यात न्यायालय म्हणालं की अपमान जातीमुळे झालेला हवा आणि लोकांच्या नजरेसमोर झालेला हवा. साहेबाच्या बंद केबिनमधल्या बोलाचालीची अनेक प्रकरणं याच मुद्द्यावर पडतात. बंद दाराआड जातीवरून झालेला अपमानही तितकाच खरा असतो. त्याचा साक्षीदार मात्र नसतो. उलट, सप्टेंबर 2025 मध्ये परांड्याच्या प्रकरणात घराबाहेर लोकांदेखत जातिवाचक शिवीगाळ आणि मारहाण झाल्याची फिर्याद होती, तेव्हा उच्च न्यायालयाने दिलेला अटकपूर्व जामीन सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. कराड आणि कणकवली दोन्ही त्याच्याच कक्षेत. गुन्हा रद्द करून घ्यायला आता मुंबई गाठावी लागत नाही, फोंडाघाट चढला की काम होतं. पण ही सोय गुन्हा नोंदल्यानंतरची. त्याआधीच्या टप्प्यासाठी, गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, त्याला म्हणणं मांडू दिलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात 2008 मध्ये सांगितलं. कराडच्या तक्रारीला तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती. तो शेरा जातीच्या आकसातून आला होता की कामाच्या मूल्यमापनातून, याचा पुराव्यानिशी निवाडा महाजनांच्या खटल्यात झाला नाही; तिथे तो प्रश्नच नव्हता. असा निवाडा शेरा मारल्यावर महिन्या-दोन महिन्यांत, कचेरीबाहेरच्या आणि दलित सदस्य असलेल्या समितीपुढे व्हायला हवा.