स्ट्रायकर यांचा पंच

महामंदीतली अमेरिका आज आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती बरीचशी एका सरकारी कचेरीच्या कपाटांतून. १९३५ साली सुरू झालेल्या आणि १९३७पासून ‘फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ या नावाने चाललेल्या खात्याचा छायाचित्र विभाग रॉय स्ट्रायकर सांभाळत. ते छायाचित्रकार नव्हते, त्याआधी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत. संपादक म्हणून त्यांचे खरे कर्तृत्व कॅमेऱ्याची कळ दाबण्याआधीचे आहे. विभागातले छायाचित्रकार कार्ल मायडन्स दक्षिणेत कापसाची छायाचित्रे काढायला निघाले, तेव्हा त्यांना कापसाबद्दल फारसे ठाऊक नाही हे कळताच स्ट्रायकर यांनी प्रवास थांबवला आणि दिवसभर बसवून कापसाचे अर्थकारण समजावले. दौऱ्यावरच्या माणसांना ते काय टिपायचे याच्या याद्याही पाठवत. या शिस्तीमुळे सुटी छायाचित्रे न जमता एका समाजाची नोंद तयार झाली.

छायाचित्र हाती आल्यावर मात्र हाच संपादक हुकूमशहा होई. नापसंत निगेटिव्हला सुरुवातीच्या वर्षांत थेट पंचने भोक पाडले जाई. अशी निगेटिव्ह आज छापली, की शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर नाहीतर आभाळात काळीकुट्ट टिकली उमटते. छायाचित्रकारांनी याला विरोध केला, आणि तो रास्तच होता. निवड करायला नकार पुरे होता, नासधूस नको होती.

हा सगळा सरकारी प्रचारच होता, असा आक्षेप तेव्हापासून आहे. १९३६मध्ये विभागाचे छायाचित्रकार आर्थर रॉथस्टीन यांनी दुष्काळ दाखवताना गुराची कवटी हलवून टिपल्याचे उघड होताच विरोधी वृत्तपत्रांनी रान उठवले. ‘न्यू डील’ हे सरकारचे मंदीविरोधी धोरण लोकांच्या गळी उतरवणे हा हेतू होताच, तो लपवण्यात अर्थ नाही. पण प्रचाराला आजची गरज भागली की पुरते. स्ट्रायकर यांनी प्रत्येक छायाचित्र तारीख, ठिकाण आणि फोटोओळींसह उद्यासाठी जपून ठेवले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विभागाच्याच डोरोथिया लँग यांचे १९३६चे ‘मायग्रंट मदर’ हे छायाचित्र कुठल्याच यादीत नव्हते, घरी परतताना वाटेवरची मजुरांच्या छावणीची पाटी मागे टाकून त्या पुन्हा वळल्या, म्हणून ते मिळाले. खरे आहे. प्रतिभा यादीतून येत नाही. पण त्या रस्त्यावर त्यांना पगार देऊन पाठवणारी यंत्रणा संपादकानेच टिकवली होती.

म्हणून निवाडा दुहेरीच द्यावा लागतो: प्रश्न विचारणारा संपादक थोर, पंच चालवणारा दोषी. सुदैवाने भोके पडलेल्या अनेक निगेटिव्हही फेकल्या गेल्या नाहीत. सुमारे १,७५,००० निगेटिव्हचा हा संग्रह आज ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये आहे, आणि स्ट्रायकर यांनी नाकारलेलेही त्यात कोणालाही पाहता येते.