दुहेरी मफलर : दोन बाजूंना एकाच बाजूचा भाव?

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढल्यावर माल हातात घेताच भाव सांगता येतो, असा आमचा समज होता. 2023 च्या हिवाळ्यात आमच्या भाचीने तो खोटा ठरवला. तिने स्वतः विणलेला मफलर दुकानात आणला. एका बाजूला दुधी जमिनीवर तपकिरी खजूर. उलटवला तर तपकिरी जमिनीवर दुधी खजूर. नक्षी ईदच्या शीरखुर्म्यावरून सुचलेली. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, तेव्हा रंगही तेच दोन.

आम्ही साध्या मफलरचा भाव सांगितला. ती म्हणाली, "मामू, आधी काट्यावर ठेवा." साधा मफलर दीडशे ग्रॅम भरला, हा तीनशेच्या वर. आमच्या भावात लोकरीचे पैसे जेमतेम निघाले असते, मेहनतीला काहीच उरले नसते. आम्ही खजील झालो.

मग तिने काम समजावून दिले. कागदावरच्या नक्षीतील प्रत्येक चौकोनाला सुईवर दोन टाके लागतात. पहिला समोरच्या बाजूचा, सुलट. त्या वेळी दोन्ही धागे मागे. दुसरा मागच्या बाजूचा, उलट. त्या वेळी दोन्ही धागे पुढे. सुलट टाका दुधी असेल तर उलट टाका तपकिरी. खजूर आला की रंगांची अदलाबदल होते आणि तेथेच दोन्ही पदर एकमेकांत गुंततात. ओळ सुरू करताना धाग्यांना एक पीळ द्यावा, नाही तर कडा पिशवीच्या तोंडासारखी उघडी राहते.

आता हिशोब पाहा. रुंदीला 36 चौकोन म्हणजे 72 टाके. अशा 400 ओळी म्हणजे 28,800 टाके. साध्या मफलरला याच्या निम्मे पुरतात.

दोन गोष्टी ऑर्डर घेतानाच पाहाव्यात. मागच्या बाजूला नक्षी आरशातल्यासारखी उमटते. खजूर, बदाम यांना त्याने फरक पडत नाही, पण गिऱ्हाइकाने नाव विणून मागितले तर अक्षरे मागे उलटी दिसतील. दुसरे, गडद लोकरीचा तुकडा भिजवून पांढऱ्या कपड्यात दाबून पाहावा. रंग कच्चा असला तर पहिल्याच धुण्यात दुधी बाजू डागाळते.

सोलापुरी चादर आपण गिऱ्हाइकाला नेहमी उलटून दाखवतो. रंगांची अदलाबदल हीच तिची शान. हा मफलरही तसाच उलटून दाखवावा आणि भाव दोन्ही बाजूंचा सांगावा. घरी बसून विणणाऱ्या बायकांशी लोकर किती, टाके किती, मजुरी किती, हे काम देण्याआधीच ठरवावे. भाचीला आम्ही तिने सांगितलेली रक्कम दिली. मफलर दोन दिवसांत विकला गेला, आणि गिऱ्हाइकाने घासाघीसही केली नाही.